न्हाणीमागची कॉफी

लग्न होऊन नालवाडीला आली तेव्हा जयवंतापाशी सांगायला एकच गोष्ट होती, आणि ती कुणालाच खरी वाटत नसे.

चिखलदऱ्याला तिचे वडील, रूपराव, एका कॉफीच्या बागेत राखणदार होते. बाग डोंगराच्या उतारावर होती. वर उंच झाडांची सावली आणि तिच्याखाली कॉफीची झुडपं. पान इतकं गर्द आणि तुकतुकीत, की नुकतंच कुणी तेलाचा हात फिरवून गेलंय असं वाटावं. उन्हाळ्याच्या तोंडाशी ती झुडपं मलूल व्हायची, पानं खाली सोडून रुसल्यासारखी उभी राहायची. मग एखाद्या दुपारी कुठूनशी एक हलकी सर यायची, धूळ बसेल एवढीच. पुढचे काही दिवस काहीच घडायचं नाही. आणि मग एका सकाळी दार उघडावं, तर सगळा उतार पांढरा. काल काही नव्हतं आणि आज फांद्याच दिसत नाहीत. वास मोगऱ्यासारखा, पण मोगऱ्याहून हलका. धरायला जावं तर नाही, आणि सोडून द्यावा तर मागे मागे येणारा. दोन-तीन दिवसांत सगळं गळून पडायचं.

हे ती सुरुवातीला फार हौसेने सांगे. शेजारची तानाबाई कुंपणाच्या भिंतीवर हनुवटी टेकवून ऐके आणि म्हणे, "एका रात्रीत फुलते? मंग आमचा कापूस काऊन महिनेच्या महिने लावते वो? त्याले तुमच्या गावचं कोणी शिकवलं नाई वाटते!"

बाकीच्या बाया हसत. जयवंताही हसे. पण असं सांगून सांगून, हसून हसून, पुढे तिचं तिलाच नक्की सांगता येईना. नालवाडीची काळी माती, रखरखीत ऊन, तूर, कपाशी, ज्वारी. या सगळ्यात तो पांढरा उतार कधीतरी झोपेत पाहिल्यासारखा वाटू लागला. माहेरची वाट लांबची. फुलायच्या दिवसांत जाणं कधी जमलं नाही. तेव्हा इकडे संत्र्याच्या बागेला पाणी द्यायची घाई असे.

बाग सोसायटीची होती. दोन-दोन, चार-चार एकरवाल्या काही घरांनी मिळून ती उभी केलेली. विहीर एक, इंजिन एक, संत्र्याची बाग एक, आणि तिच्या कडेला पत्र्याची एक शेड. जयवंताचा नवरा चंद्रभान बागेचं सगळं पाहायचा. सोसायटीचे अध्यक्ष सदाशिवराव. त्यांचं वर्ध्याला किराण्याचं दुकान होतं. त्यामुळे गावात ते व्यापारी वाटत आणि दुकानात शेतकरी.

घरात सासू देवकाबाई. बुटकी, सावळी, बोलायला मऊ आणि ऐकायला कठीण. आळीत तिचा एक मान होता. बी ठेवावं ते देवकाबाईनं. वाल, भोपळा, भेंडी, आंबाडी, कुणाचंही बी असो, बाया ते तिच्याकडे आणून देत. ती ते सावलीत वाळवी, राखेत घोळी, वाळलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात भरून तोंडाला शेण लावी आणि आढ्याला टांगून ठेवी. मृग आला की तुंबे खाली उतरत. तिच्या हातचं बी फसलं, असं कुणी ऐकलं नव्हतं.

चौऱ्याहत्तर सालच्या पौषात रूपराव लेकीला भेटायला आले. ओल्या फडक्यात, पानांच्या घड्यांत बांधून त्यांनी कॉफीची पिकली फळं आणली होती. लाल, टपोरी, बोराएवढी. रात्रीच्या गाडीने आले आणि दुसऱ्या दिवशीच निघाले. जाताना दाराशी चपला घालता घालता लेकीला म्हणाले, "हे बी थांबत नाई बाई. ओलं आहे तवरच टाकजो."

जयवंता परत आत आली तेव्हा देवकाबाई सूप घेऊन बसली होती. बरीचशी फळं फोडून झाली होती. एकेका फळातून दोन-दोन दाणे काढून, धुऊन तिने सुपात पसरले होते आणि त्यांच्याकडे ती अशा कौतुकाने पाहत होती, की जयवंता उंबऱ्यातच थांबली.

"पाह्य ना वो, कसं गोमटं बी हाय," देवकाबाई म्हणाली. "एक पाठ सपाट, एक फुगीर. तुया बाबानं एवढ्या दुरून आणलं, आता हे मायावर. मिरगापर्यंत असं ठेवतो, की एक दाणा वाया जाणार नाई."

तेव्हा सांगायला हवं होतं. पण लग्नाला पुरती तीन वर्षं झाली नव्हती. ज्या बाईकडे सारी आळी बी ठेवायला देते, तिला बी कसं ठेवू नये हे कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि बी म्हटलं की मृगाची वाट पाहायची, हे इथे सूर्य उगवण्यासारखं होतं. त्यात सांगण्या-ऐकण्यासारखं काही नव्हतंच. जयवंता फक्त म्हणाली, "आत्याबाई, मी चार फळं घेतो खायला."

"फळ खातेत?"

"गोड असते वरचं."

उरलेल्यातली ओंजळभर फळं घेऊन ती न्हाणीमागे गेली. तिथे न्हाणीचं पाणी एका उथळ खाचेतून केळीच्या बेटाला आणि अळवाला जायचं. भिंतीची आणि कडुनिंबाची दिवसभर सावली. तिथे उभं राहून, लहानपणी चोखायची तशी तिने एकेक फळ चोखलं आणि बिया चिखलात थुंकल्या. गोडी अगदी पातळ होती, जिभेवर येते न येते तोच संपणारी. ती डोळे मिटून उभी राहिली. उतार दिसतो का पाहिलं. दिसला नाही.

फाल्गुनात अळूची पानं कापायला ती वाकली, तर पानांखाली तीन कोंब उभे होते. सरळ दांडा आणि त्याच्या टोकावर उचलून धरलेला आख्खा दाणा, डोक्यावर टोपी घातल्यासारखा. चिखलदऱ्याची पोरं यांना शिपाई म्हणायची.

जयवंता कितीतरी वेळ तशीच वाकून राहिली. मग आढ्याला टांगलेला तुंबा तिला आठवला. बाबा म्हणाले तसंच, ओलं टाकलं ते शिपाई होऊन उभं राहिलं, म्हणजे तुंब्यात वाळलेलं मेलं असणार. तिने एक फुटकी टोपली आणून कोंबांवर पालथी घातली आणि अळू घेऊन आत गेली. सासूने विचारलं, "काऊन वो, एवढा वेळ?" ती म्हणाली, "मुंग्या होत्या."

मृगात देवकाबाईने तुंबा उतरवला. बागेच्या कडेला वाफे केले, हळदकुंकू वाहिलं, आणि एकेक दाणा असा मातीत ठेवला जसं लेकरू निजवावं. रोज सकाळी ती पाहून यायची. आठवडे गेले. भेंडी वर आली, वाल वर आले, तण तर गुडघाभर झालं. एक दिवस तिने वाफ्यात बोट घालून दाणा वर काढला. चिमटीत धरल्याबरोबर त्याचं पीठ झालं. दुसरा काढला. तिसरा काढला.

घरी येऊन ती ओसरीवर बसली. पाय धुतले नाहीत, पाणी मागितलं नाही. "मायं बी फसलं," एवढंच म्हणाली.

जयवंताने तिचा हात धरून तिला न्हाणीमागे नेलं आणि टोपली उचलली. शिपायांनी एव्हाना टोप्या टाकल्या होत्या. दोन-दोन गोल पानं, आणि त्यांच्यामधून निघालेली नवी, तकाकणारी.

देवकाबाई खाली बसली. "हे कवापासून?"

"फाल्गुनापासून."

"अन् सांगतलं काऊन नाई?"

"तुमचं बी होतं ना तुंब्यात."

देवकाबाईने पानाला बोट लावलं. बोट तसंच ठेवून म्हणाली, "म्हंजे जे म्या जपलं ते मेलं, अन् जे तू थुकलं ते जगलं." आणि मग तिला एकाएकी हसू आलं. जयवंताला हसावं की नाही ते कळेना. पण सासूच्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणं चाललं, तेव्हा तीही तिच्याशेजारी ओल्या मातीत बसली.

त्या दिवसापासून ती झाडं देवकाबाईची झाली. तांदूळ धुतलेलं पाणी तिकडे, डाळीचं पाणी तिकडे. अंघोळीला बसताना ती तांब्यातलं पहिलं पाणी खाचेत ओती आणि मग आपल्या अंगावर घेई. जयवंताला एक मुलगी झाली, मग मुलगा झाला. लेकरांच्या अंघोळीचं पाणीही तिकडेच गेलं. शेण, चुलीतली राख, कडुनिंबाचा पाला, केळीची कापलेली खोडं सगळं मुळाशी. उन्हाळ्यात बाहेर जमीन भेगाळे, कावळे चोच उघडी टाकून बसत, आणि न्हाणीमागे मात्र हिरव्या अंधारात तीन झुडपं उभी असत, चिखलदऱ्याहूनही गर्द.

पण फूल येईना.

चौथं वर्ष गेलं, पाचवं गेलं. तानाबाई भिंतीवरून पाही. तिचं आणि देवकाबाईचं एका कोंबडीवरून बोलणं बंद होतं, त्यामुळे ती जे काही बोले ते जयवंताशी, पण देवकाबाईला ऐकू जाईल अशा आवाजात. "झाड त लय मोठं झालं वो जयवंता. एका रात्रीत फुलणार होतं ना? ते रात्र कोणत्या सालची?"

जयवंताने आता गोष्ट सांगणं सोडून दिलं होतं. मुलगी कधी विचारी, "आई, खरंच पूर्ण डोंगर पांढरा?" तर ती म्हणे, "असं आठवते बा." तेवढंच.

एक्याऐंशी साली सोसायटीत नाल्याकाठच्या पट्ट्याचा विषय निघाला. संकरित कापूस येऊन आता काही वर्षं झाली होती आणि त्याच्यामागोमाग पांढऱ्या खताची पोती आणि पाठीवरचे फवारे आले होते. पण पट्टा प्यायच्या विहिरीला लागून. तिथे फवारा मारायचा नाही, खत टाकायचं नाही, यावर सगळ्यांचं एकमत होतं. आंब्या-फणसांची जुनी झाडं होती, सावली होती. लावायचं काय, हा प्रश्न. बहुतेक जण केळी म्हणत होते. चंद्रभानने बायकोच्या मनातलं ओळखून कॉफीचं नाव काढलं.

शेडमध्ये हशा पिकला. सदाशिवराव हसले नाहीत. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "चंद्रभान, तुया घरचं झाड म्या पाह्यलं हाय. पानं लय भारी. पण दुकानात पानं कोण घेईन? फूल तरी दाखव. चैत सरेपर्यंत फूल दिसलं त पट्टा कॉफीले, नाई त केळी. मंग कोणी तोंड वाकडं करायचं नाई."

चंद्रभानने घरी येऊन सांगितलं. जयवंता भाकरी थापत होती. तिने थापणं थांबवलं नाही, पण ती भाकरी एका बाजूने जाड झाली. पट्टा मिळो न मिळो, तिच्या मनात निराळंच होतं. केळी लागली की गोष्ट संपली. मग तो पांढरा उतार कधी नव्हताच, असं तिलाही मान्य करावं लागणार होतं.

पौषात रूपराव आले. आता ते थकले होते, काठी टेकत होते. न्हाणीमागे जाऊन त्यांनी झुडपांभोवती फेरी मारली, पान उलटून पाहिलं, मुळाशी काठी रुतवली. काठी सहज आत गेली.

"ईनबाई, याले तहान कवा देता?"

"तहान?" देवकाबाईला वाटलं, आपलं काही ऐकण्यात चुकलं. "इवाईबुवा, एक दिवस तहान लागू देली नाई म्या याले. जयवंताले विचारा."

"तेच त," रूपराव म्हणाले.

ओसरीवर बसलेला चंद्रभान उठून उभा राहिला आणि त्याने कपाळावर हात मारला. "अरे, बागेत संत्र्याले दर साली ताण देतो मी! पाणी तोडतो, पानं गळू देतो, तवा कुठी बहार येते. अन् घरी सात वर्षांपासून हा तमाशा पाहून राह्यलो!"

ठरलं. माघ लागला की न्हाणी बंद. एक थेंब तिकडे जाता कामा नये. चंद्रभान सोसायटीच्या विहिरीवर अंघोळ करेल. राहिल्या बाया आणि लेकरं. जवळची न्हाणी एकच होती.

"तानीच्या घरी?" देवकाबाई म्हणाली. "त्यापरीस मी वर्सभर बिना अंघोळीची राह्यीन!"

दोन दिवस ती तशी राहिलीही. तिसऱ्या दिवशी लुगडं काखेत आणि तांब्या हातात घेऊन ती तानाबाईच्या दारात उभी राहिली. तानाबाईने वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"या या. काऊन, तुमच्या विहिरी आटल्या का?"

"झाडाले ताण देला," देवकाबाई म्हणाली. कोंबडीनंतर ती पहिल्यांदाच थेट बोलत होती.

"झाडाले ताण, अन् माणसाले वरात!" तानाबाई म्हणाली आणि बाजूला झाली. "पाणी तापलेलं हाय. साबण तुमचा तुमी आणाचा हं."

आळीला मोठीच करमणूक झाली. एका झाडासाठी अख्खं घर दुसऱ्याच्या न्हाणीत जातं, हे पाहायला बाया सकाळी उगाच दाराशी उभ्या राहत. पण काही दिवसांनी असं झालं, की देवकाबाईला अंघोळीहून परत यायला फार वेळ लागू लागला. जयवंता बोलवायला गेली, तर दोघी चुलीपाशी शेक घेत बसलेल्या, आणि ती कोंबडी मुळात कुणाची होती यावर नव्याने, पण आता हसत हसत, वाद चाललेला.

इकडे न्हाणीमागची माती कोरडी पडली. मग तडकली. झुडपांनी आधी टोकाची पानं खाली सोडली, मग सगळीच. पानांची तकाकी गेली. जयवंता दिवसातून कितीदा तरी तिकडे जाई. पानं काठाने वळू लागली होती. आठवणीतली झुडपंही अशीच रुसून उभी राहायची, हे तिला ठाऊक होतं. पण ती आठवण खरी कशावरून? चिखलदऱ्याचं ऊन ते ऊन आणि नालवाडीचं ऊन ते नालवाडीचं. आपल्या एका गोष्टीसाठी आपण जिवंत झाडं मारतोय, असं तिला दुपारच्या शांततेत वाटे. एकदा तर तिने तांब्या भरून घेतला, खाचेपर्यंत गेली, आणि तसाच परत आणून ठेवला.

तेव्हाच तिच्या लक्षात आलं. तिघांपैकी दोनच झुडपं सुकली होती. भिंतीच्या कोपऱ्यातलं तिसरं तसंच होतं, गर्द, पानं ताठ.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर देवकाबाई हात धुवायला उठली. न्हाणी बंद, म्हणून सगळे अंगणात हात धुवत. देवकाबाई मात्र तांब्या घेऊन कोपऱ्याकडे वळली. हात धुतले, चूळ भरली, आणि उरलेला सगळा तांब्या तिसऱ्या झाडाच्या मुळाशी हळूच कलता केला.

"आत्याबाई."

देवकाबाई दचकली नाही. जणू ती वाटच पाहत होती.

"तुमाले माहीत हाय ना, चैत सरेपर्यंत..."

"माहीत हाय." तिने पदराने हात पुसले. "दोनाले दे तू तहान. मी काही बोलत नाई. पण हे एक मायं राहू दे."

"अन् यानं फूल देलं नाई त?"

"त नको देऊ. सगळ्यायनं फुललंच पाह्यजे का?" ती झाडाकडे पाहत होती. "म्या एकदा राखेत घालून मारलं, जयवंता. तवा मले कळलं नोतं. आता कळून-सवरून, डोळ्यासमोर... माया हातानं होत नाई वो."

रिकामा तांब्या जयवंताने सासूच्या हातून घेतला आणि घरात नेऊन ठेवला.

पाडवा झाला. आता सर हवी होती. आकाश मात्र घासलेल्या पितळी परातीसारखं लखलखीत, ढगाचा मागमूस नाही. सर आणायची कुठून? बादलीने मुळाशी ओतून चालणार नाही, असं जयवंताला वाटे. वरून पडलं पाहिजे, फांद्यांवर, थेंब थेंब, उतारावर पडायचं तसं. हे तिने तानाबाईच्या न्हाणीत बोलून दाखवलं, तर तानाबाई म्हणाली, "मंग चाळणी काय देवानं फक्त ज्वारीसाठीच केली का?"

त्या संध्याकाळी तानाबाई पदर खोचून भिंतीवर चढून बसली. चंद्रभानने विहिरीचं पाणी आणून दिलं. देवकाबाईने धान्याची मोठी चाळणी दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरली आणि तानाबाईने वरून घागर ओतली. दोन्ही सुकलेल्या झुडपांवर पाऊस पडला. चाळणीखाली देवकाबाईच्या अंगावरही पडला. तिचं लुगडं भिजलं, ती डोळे मिटून उभी राहिली. लेकरं खालून पळत भिजून घेत होती. तापल्या मातीतून वाफ निघाली आणि उन्हाची तिरीप त्या धारांमध्ये काही क्षण अडकून राहिली. जयवंता बाजूला उभी होती. ती काही करत नव्हती, नुसती पाहत होती. एखादं स्वप्न आता दुसरंच कुणी पाहतंय आणि आपण त्यात उभे आहोत, तशी.

नंतर पुन्हा काहीच नाही. पानं जरा उठली. पानांच्या बगलेत हिरवट, तांदळाच्या कणीसारखं काहीतरी दिसू लागलं. ते डोळ्यांचे भास असावेत म्हणून जयवंताने त्याकडे दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

एका सकाळी झोप चाळवली तेव्हा तिला वाटलं, आपण चिखलदऱ्याला आहोत. बाबा उठले असतील. दार उघडं असेल. तिने डोळे उघडले नाहीत. एवढ्यात भिंतीपलीकडून तानाबाई ओरडली, "अवो जयवंता! तुमच्या घरी अत्तराची बाटली फुटली का काय वो?"

ती अनवाणी न्हाणीमागे गेली. दोन झुडपं पांढरी झाली होती. फांदीच्या बुंध्यापासून टोकापर्यंत पानांच्या जोडीजोडीत फुलांचे पुंजके बसले होते, इतके दाट की फांद्या जड होऊन वाकल्या होत्या. मधमाश्या तिच्याही आधी येऊन पोचल्या होत्या. वास हलका होता. धरायला जावं तर नाही.

कपडे धुवायचा दगड दोन महिने कोरडाच होता. जयवंता त्याच्यावर बसली. तिला वाटलं होतं, रडू येईल. आलं नाही. खूप वर्षं कुणीतरी आत ओढून धरलेली दोरी सैल सोडावी, तसं झालं.

देवकाबाई येऊन मागे उभी राहिली. तिने फुलं पाहिली, मग कोपऱ्यातलं आपलं झाड पाहिलं. ते हिरवंगार होतं, नावालाही फूल नव्हतं. तिने जयवंताच्या डोक्यावर हात ठेवला.

"खरं होतं वो तुयं," ती म्हणाली.

दुपारपर्यंत सारी आळी येऊन गेली. सदाशिवराव दुकान टाकून आले. टोपी काढून त्यांनी फांदीजवळ नाक नेलं, एका मधमाशीला भिऊन मागे घेतलं, पुन्हा नेलं. "दोन झाडं झाली. हे तिसरं काऊन नाई फुललं?"

"ते मायं हाय," देवकाबाई म्हणाली. "त्याले विचारू नका."

"नाई विचारत बा." त्यांनी टोपी घातली. "चैत सरला नाई. बोललो त बोललो. पट्टा तुमचा."

पौषात त्या दोन झुडपांची फळं पिकली. एकही बी तुंब्यात गेलं नाही. ओलं असतानाच पट्ट्यातल्या सावलीत वाफे झाले, आणि देवकाबाईनेच ते लावले, लावताना ती जयवंताला दर दाण्यामागे विचारत होती, "असंच ना?" पण बायांचं तेवढ्यावर भागलं नाही. ज्या झाडाने तानाबाई आणि देवकाबाईचं बोलणं सुरू केलं, ते आपल्याही न्हाणीमागे असावं, असं एकेकीला वाटू लागलं. रोपं घरोघरी गेली.

पुढे पाच-सहा वर्षांत कॉफी सोसायटीचीच होऊन गेली. हिवाळ्यात पट्ट्यातली फळं आणि घराघरांतली ओंजळ-ओंजळ फळं शेडमध्ये एकत्र येत. तिथेच ती सोलली जात, वाळत, आणि एका मोठ्या कढईत सगळ्यांची मिळून भाजली जात. कुणाच्या झाडाची कोणती, हे त्यानंतर कुणालाच सांगता येत नसे. फार नसायचीच. सदाशिवराव ती दुकानात पुढे मांडत आणि शेणखतावरची, फवारा न पाहिलेली म्हणून ओळखीच्या गिऱ्हाइकांना आवर्जून देत. आळीत चहाच चाले. भाजायच्या दिवशी मात्र सगळ्यांनी भरपूर दूध-साखर आणि जायफळ घालून कॉफी प्यायची, असा रिवाज पडला. देवकाबाईला ती कधी आवडली नाही. "करपल्या भाकरीचं पाणी," ती म्हणे, आणि कप पुरा करी.

आणि दर वर्षी माघ लागला की आळीची घडी बदले. ज्यांच्या न्हाणीमागे कॉफी, त्यांच्या न्हाण्या बंद. कुणी विहिरीवर, कुणी शेजारी, कुणी शेजाऱ्याच्या शेजारी. सकाळी काखेत कपडे आणि हातात तांब्या घेतलेल्या बाया एकमेकींच्या घरी जाताना दिसत. नवी आलेली सून गोंधळून जाई. तिला कुणीतरी सांगे, "झाडायले ताण देला हाय, बाई. चल, माया घरी पाणी तापलं हाय."

देवकाबाई नव्वदच्या दिवाळीनंतर गेली. त्यानंतरचा माघ आला. जयवंताने न्हाणीचं तोंड मातीने लिंपून घेतलं. दोन झुडपांची पानं उतरू लागली. कोपऱ्यातलं तिसरं आता भिंतीच्या वर गेलं होतं. इतक्या वर्षांत त्याने फुललं म्हणावं असं कधी केलं नव्हतं. कधी एखादं फूल चुकून आलं तर तेवढंच.

जेवण झाल्यावर चंद्रभान ओसरीवर बसून तिकडे पाहत म्हणाला, "याले अवंदा ताण देऊन पाह्याचा का? दोनापेक्षा जास्त मालदार होईन हे."

जयवंता तांब्या घेऊन उठली. तिने अंगणात हात धुतले नाहीत. ती कोपऱ्यात गेली, हात धुतले, चूळ भरली, आणि उरलेला तांब्या मुळाशी हळूच कलता केला. पाणी जिरेपर्यंत ती तिथे उभी राहिली.

"काऊन वो?" चंद्रभानने विचारलं.

"ते आत्याबाईचं हाय," ती म्हणाली.